गव्हाच्या भावाने भूस

वचन : आमोस 8:4-6



आमोस संदेष्टा तकोवा येथील मेंढपाळांपैकी होता. इस्राएलातील व्यापाऱ्यांवर त्याने जे दोष ठेवले, त्यांत खोटी मापे व लबाड तराजू यांचा उल्लेख आहे, हे आपण पुष्कळदा ऐकले आहे. परंतु त्या यादीच्या शेवटी आणखी एक दोष आहे, त्याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. गव्हाचे भूसदेखील ते लोक विकत असत, आणि विकत असत ते गरिबांस. ज्याच्या पदरी चार पैसे असतात तो धान्य निवडून, पाखडून घेतो. ज्याच्या पोटात भूक असते तो मिळेल ते घेतो, आणि घेतलेले बरे नसेल तर आपल्या नशिबास बोल लावतो.

हे वचन आम्हांस गेल्या पावसाळ्यात एका विधवेने नव्याने शिकविले. ह्या आजीबाईंना अक्षरओळख झाली ती साठी उलटल्यावर. एका संध्याकाळी प्रार्थनासभा संपल्यावर त्या आमच्याजवळ येऊन बसल्या. हाती बन्यनकृत यात्रेकरूच्या कथेची एक स्वस्त प्रत होती. त्या म्हणाल्या, “साहेब, यात्रेकरूचं ओझं क्रूसापाशी पडलं असं तुम्ही सांगता. पण पुस्तकात ‘पडेल’ असं लिहिलंय. मग ते पडणार तरी कधी? आणि माझं?”

आम्ही ते पान पाहिले. ‘पडले’ असावयाचे तेथे ‘पडेल’ असे छापले होते. ‘ल’वरील मात्रा एक घर मागे सरून ‘ड’वर बसली होती, एवढेच. परंतु एवढ्याने क्रूसापाशी घडून चुकलेली गोष्ट पुढे केव्हातरी घडावयाची गोष्ट झाली. प्रभूने आपले कार्य समाप्त केले, ही आपली सुवार्ता. ते कार्य व्हावयाचे आहे असे त्या पानाने सांगितले. छापलेले चुकत नाही अशी आजीबाईंची समजूत असल्यामुळे त्यांनी पुस्तकास दोष दिला नाही; आपल्याच विश्वासात काही उणे असावे असे मानून त्या कित्येक रात्री रडल्या.

आता ती प्रत त्यांच्या हाती कोणी दिली? आम्हीच दिली. सर्वांत स्वस्त म्हणून आम्ही चाळीस प्रती एकदम घेतल्या, आणि त्यांतील एक पानही न वाचता गावोगाव वाटल्या. आमोसाचे बोट आमच्याकडेच वळलेले आहे, हे आम्ही प्रथम कबूल करतो.

असे दोष होतात कसे, तेही समजून घ्यावे. बन्यनाच्या ग्रंथाचा पहिला भाग 1678 साली प्रसिद्ध झाला. हरि केशवजी यांनी त्याचे मराठी भाषांतर 1841 साली प्रसिद्ध केले. इतक्या जुन्या ग्रंथांवर आता कोणाचा हक्क उरलेला नाही. वाटेल त्याने ते छापावे. पूर्वी जुळारी एकेक खिळा हाताने बसवीत असे, आणि मागाहून कोणीतरी मुद्रिते तपाशी. हल्ली पुष्कळ ठिकाणी जुन्या पानांची छायाचित्रे घेऊन यंत्राकडून अक्षरे ओळखवितात. ‘घ’ व ‘ध’, ‘भ’ व ‘म’, ‘प’ व ‘य’ यांत यंत्राची फसगत होते. पुसट अनुस्वार गळतो, आणि कागदावरील डाग अनुस्वार होऊन बसतो. त्यानंतर माणसाने वाचावे ते कोणी वाचत नाही. ‘पापाची क्षमा’ याची ‘पायाची क्षमा’ झाली, तर वाचक हसून पुढे जातो. परंतु ‘देवाचा’ यावर डाग पडून ‘देवांचा’ झाले, तर एकाचे अनेक होतात आणि वाक्य मात्र निर्वेध वाचले जाते. ज्या चुकीने अर्थ बिघडतो ती आपण होऊन ओरडते. जिच्याने दुसराच अर्थ होतो ती मुकाट्याने आत शिरते.

थोरामोठ्यांच्या छापखान्यांतही हे घडले आहे. 1631 साली लंडन येथे राजाच्या मुद्रकांनी छापलेल्या शास्त्रात सातव्या आज्ञेतील नकाराचा शब्दच गळाला, आणि जे पाप वर्ज्य तीच आज्ञा झाली. त्या मुद्रकांस 300 पौंड दंड झाला. मग ज्या पुस्तकावर कोणाचीच देखरेख नाही, त्याची काय कथा?

उलट, अक्षराची चाड बाळगणारेही होऊन गेले. आपल्याच देशात एकनाथांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीच्या अशुद्ध झालेल्या प्रती मिळवून पाठ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली ओवी घालू नये असे बजावून ठेविले. आपल्या मंडळ्यांस तर पंडिता रमाबाईंचे उदाहरण घरचेच आहे. सामान्य स्त्रियांस समजावे म्हणून त्यांनी इब्री व ग्रीक यांवरून सर्व शास्त्र सोप्या मराठीत उतरविले. केडगाव येथील मुक्तीच्या छापखान्यात स्त्रियांनीच ते जुळविले. प्रकृती खालावली असताही त्या मुद्रिते तपाशीत राहिल्या. 5 एप्रिल 1922 रोजी त्या प्रभूकडे गेल्या. संपूर्ण शास्त्र 1924 साली बाहेर पडले. ज्यांच्यासाठी हे श्रम झाले त्या बाया गरीब होत्या, म्हणून रमाबाईंनी त्यांस कमी प्रतीचे चालेल असे मानले नाही.

कोणी म्हणेल, स्वस्त पुस्तक देऊ नये काय? अवश्य द्यावे. स्वस्त देणे हा दोष नव्हे. देवाची कृपा तर फुकटच मिळते. परंतु ती फुकट मिळते याचे कारण तिची किंमत दुसऱ्या कोणी भरली. पुस्तकाचेही तसेच आहे. त्याची किंमत कमी झाली तरी त्यास लागणारे श्रम कमी होत नाहीत. ते कोणाच्या तरी माथी येतातच. प्रकाशकाने ते उचलले नाहीत व पाळकानेही उचलले नाहीत, तर शेवटी ते अंधुक दिव्यापाशी अक्षर लावीत बसलेल्या विधवेवर पडतात. ज्याला सर्वांत कमी वाचता येते, त्याच्यावर सर्वांत अवघड वाचन आपण लादतो. हेच गव्हाच्या भावाने भूस विकणे होय.

यास्तव आमची विनंती अशी आहे. पाळकांनी व उपदेशकांनी पुस्तक वाटण्यापूर्वी ते स्वतः अथपासून इतिपर्यंत वाचावे. जवळ जुनी चांगली प्रत असेल तर दोघांनी बसावे. एकाने जुनी मोठ्याने वाचावी, दुसऱ्याने नवीवर बोट ठेवावे. तरुणसंघास हिवाळ्यातील रात्री हे काम उत्तम आहे. सापडलेल्या चुका प्रत्येक प्रतीत शाईने दुरुस्त कराव्या, व त्यांची यादी प्रकाशकास सौम्य शब्दांत लिहून कळवावी. आणि मंडळीच्या पंचांनी दोन रुपये अधिक पडले तरी तपासलेली आवृत्ती घ्यावी.

आम्ही त्या चाळीस प्रती परत मागविल्या. सदतीस आल्या; तिघांचा पत्ता अद्याप लागलेला नाही, आणि त्या तीन घरांची काळजी आम्हांस वाटते. आजीबाईंची प्रत मात्र आम्ही त्यांच्यादेखत दुरुस्त केली. ‘ड’वरील मात्रा खोडली, ‘ल’वर काढली. त्यांनी बोट ठेवून ते वाक्य तीनदा वाचले. मग पुस्तक मिटून त्या म्हणाल्या, “म्हणजे पडलंच होतं.”

होय, पडलेच होते. ज्या प्रभूने ते उतरविले, तो आपणांस त्याचे शब्द हाताळण्यास स्वच्छ हात व जागे डोळे देवो. आमेन.