आशा परत येते, दुसरीचं काय?

'पाठलाग' बघितला नसेल तर बघा. राजा परांजपे यांचा, १९६४ चा. काशिनाथ घाणेकर आणि भावना. जयंत देवकुळे यांच्या 'आशा परत येते' या कादंबरीवरनं काढलेला. गाणी गदिमांची, म्हंजे आपल्या आटपाडीकडच्या शेटफळ्यात जन्मलेल्या माणसाची, आणि गळा सांगलीत जन्मलेल्या आशा भोसले यांचा. त्याला राष्ट्रीय बक्षीसही मिळालं. पुढं १९६६ ला राज खोसलानं यावरनंच 'मेरा साया' केला, सुनील दत्त आणि साधनाला घेऊन. तो तर घरोघरी ठाऊक आहे.

रहस्य फोडतोय. नाइलाज आहे, फोडल्याशिवाय त्यातला माणूस दिसत नाही.

मोठा वकील. बायको मरते, तो तिला अग्नी देतो, रडून रडून अर्धा होतो. मग पोलीस एक बाई धरून आणतात. हुबेहूब तोच चेहरा. ती कोर्टात म्हणते, मी तुमची बायको. नवराबायकोशिवाय तिसऱ्याला ठाऊक नसणाऱ्या गोष्टी भडाभडा सांगते. वकील तरी मानत नाही. शेवटी उलगडा होतो, की बायकोला एक जुळी बहीण होती. बदनाम, वाईट सोबतीत गेलेली. म्हणून अशी कुणी आहे हे बायकोनं नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं. मेली ती बहीण. पिंजऱ्यात उभी होती ती खरी बायको. दोघं भेटतात, लोक डोळे पुसत बाहेर पडतात.

माझं डोकं इथंच अडकतं. जिच्यासाठी एवढं रडणं झालं ती तर जिवंत निघाली. मग मेली तिच्यासाठी कोण रडलं? सरणावर ती आणि नाव दुसरीचं. उलगडा झाल्यावर तरी कुणी तिच्यासाठी दोन मिनिटं गप्प बसायचं की नाही? सिनेमाला सवड नाही. कादंबरीच्या नावातच सगळं आलं. हिंदीत या दुसरीचं नाव निशा आहे. ती परत येत नाही, आणि खरं सांगायचं तर बघणाऱ्याला तिचं जाणं सोयीचंच वाटतं. हा दोष एकट्या दिग्दर्शकाचा नाही, बघणाऱ्याचापण आहे.

हे मराठीतच होतं असं नाही. 'द बिग स्लीप' नावाचा अमेरिकन सिनेमा आहे, हॉवर्ड हॉक्सचा, १९४६ चा, रेमंड चँडलरच्या कादंबरीवरनं. तेलातनं पैसा केलेलं घराणं, आजारी म्हातारा जनरल, दोन पोरी, आणि धाकटीच्या भानगडी झाकण्यात सगळ्यांचा जीव चाललेला. त्या घरचा ड्रायव्हर मोटारीसकट समुद्रात सापडतो. कुणी मारला? सिनेमा काढताना त्यांनी लेखकालाच विचारलं, तर त्यालाही ठाऊक नव्हतं. हा किस्सा सिनेमावाले हसत हसत सांगतात. आम्ही गिरणीतली माणसं, आमचं लक्ष आधी ड्रायव्हरकडंच जातं. आम्हाला हसू येत नाही.

आता प्रश्न असा, की लपवणं हेच पाप का? मी तसं म्हणणार नाही. बाबुराव बागुलांच्या 'जेव्हा मी जात चोरली होती' (१९६३) या कथेतला माणूस खोली मिळावी म्हणून जात लपवतो आणि उघड झाल्यावर मार स्वतः खातो. त्याला खोटारडा म्हणायची कुणाची छाती आहे? तो स्वतःला लपवतो, किंमतही स्वतःच भरतो. अब्रूसाठी दुसऱ्याला लपवणाराचं वेगळं आहे. तिथं पावती त्या दुसऱ्याच्या नावानं फाटते. कुणी म्हणेल, बायकोनंपण भोगलंच की. भोगलं, खरंय. पण तिला घर परत मिळालं, नाव परत मिळालं. बहिणीला मरायलासुद्धा स्वतःचं नाव मिळालं नाही.

आणि एक बघा. जुळ्या बहिणी, म्हंजे रक्त तेच, चेहरा तोच. एक वाड्यात म्हणून पतिव्रता, दुसरी बाहेर म्हणून बदफैली. वकिलाच्या समोर चेहरा उभा होता, त्यानं बघितला तो पिंजरा. रक्ताच्या शुद्धीवर भाषण ठोकणारांनी हे जरा सांगावं, रक्त तेव्हा कुठं गेलं होतं?

मिरज, जत, कर्नाटकाच्या शिवेकडं यल्लम्माला सोडलेल्या बायकांची पोरं बघा. बाप कोण ते गावाला ठाऊक, शाळेच्या दाखल्यावर मात्र बापाची जागा कोरी. तेच नाक, तीच हनुवटी घेऊन दुसरं पोरगं वाड्याच्या पायरीवर खेळतं. गाव चेहरा ओळखतं आणि न ओळखल्यासारखं करतं. मुंबई इलाख्यात १९३४ ला, महाराष्ट्रात २००५ च्या कायद्यानं पोरी देवाला सोडायला बंदी झाली. कायदा सोडणं थांबवतो. सोडलेलीला आत्या म्हणायला तो कुणाला लावू शकत नाही.

वाड्यावाल्यांना शिव्या देणं सोपं आहे. आपल्यातपण नोकरी लागते, कॉलनीत घर होतं, आणि मग लग्नपत्रिकेत जोगतीण आत्याचं नाव घालायचं का यावर स्वयंपाकघरात खुसपुस सुरू होते. तिनं जोगवा मागून पोराची फी भरलेली असते. नाव राहतं. आत्या तरी येते. मांडवाच्या मागं आचाऱ्यांजवळ बसून जेवते, लांबूनच तांदूळ टाकते आणि संध्याकाळच्या एसटीनं जतला जाते. कोण गं तू, असं कुणी विचारलं तर म्हणते, ओळखीतली हाय.