नसलेल्या पंख्याचा गुन्हा

प्रोसेसरच्या नव्या कूलरच्या तांब्याच्या तळाला प्लास्टिकची पातळ, पारदर्शक फिल्म चिकटवलेली असते. बसवण्याआधी ती सोलून काढायची, असं बहुधा तिच्यावरच छापलेलं असतं. तरीही घरच्या घरी पीसी जोडणाऱ्यांपैकी कुणी ना कुणी ती तशीच ठेवून स्क्रू आवळतो. पीसी सुरू होतो, विंडोज उघडते, आणि गेम लावला की बघता बघता तापमान १०० अंशांना भिडतं. मग दुकानदाराला फोन, प्रोसेसर बदलून द्या म्हणून हुज्जत, आणि कूलर उचलल्यावर सगळे गप्प.

प्रोसेसर तापला कशामुळे? फिल्म होती म्हणून, की तांब्याचा स्पर्श नव्हता म्हणून? पहिल्या उत्तरात कारण ही एक वस्तू आहे, हातात धरून दाखवता येणारी. दुसऱ्यात कारण म्हणजे काहीतरी नसणं. आणि जे मुळात नाहीच, ते काही घडवून कसं आणणार? या प्रश्नावर नैयायिक, मीमांसक आणि बौद्ध पंडित शतकानुशतकं एकमेकांशी भांडले. त्यांच्यापुढे प्रोसेसर नव्हता, पण असता तर त्यांनी तो सोडला नसता.

कारण इथे उष्णता हा अपघात नाही. इंटेलचा आय-नाइन १४९००के पूर्ण जोर लावतो तेव्हा २५३ वॉटपर्यंत वीज खातो, आणि ती जवळजवळ सगळी उष्णता होऊन बाहेर पडते. चिपचं क्षेत्रफळ जेमतेम अडीच चौरस सेंटीमीटर. घरातल्या हजार वॉटच्या इस्त्रीच्या तळाला दर चौरस सेंटीमीटरमागे पाच-सात वॉट येतात; इथे शंभराच्या आसपास. म्हणजे प्रोसेसर सतत तापतच असतो. बिघाड होतो तो उष्णता निघून जात नाही तेव्हा. म्हणून चांगला मेकॅनिक उष्णता आली कुठून असं विचारत बसत नाही. तो बघतो, काय चालत नाहीये. पंखा जाम आहे का, हीटसिंकच्या पात्यांत धूळ दाटली आहे का, कूलरच्या चार पिनांपैकी एखादी वर राहिली आहे का. कूलर उचलल्यावर तो प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावलेल्या पेस्टचा ठसा निरखतो. एका कोपऱ्यात पेस्ट जाड ढेकळासारखी आणि समोरच्या कोपऱ्यात पुसल्यासारखी पातळ दिसली, की ढेकळाच्या बाजूची पिन बसलेलीच नव्हती हे त्याला कळतं.

ती पेस्टही गमतीची चीज आहे. उष्णता वाहून नेण्यात तांब्याचा आकडा ४००च्या घरात, चांगल्या पेस्टचा दहाच्या आसपास, हवेचा ०.०२६. तांब्यापुढे पेस्ट अगदीच सुमार. तिचं कर्तृत्व एवढंच, की धातूच्या दोन पृष्ठभागांतल्या बारीक खाचांत ती असते आणि म्हणून तिथे हवा नसते.

अशा नसण्याला शास्त्रात जागा आहे. वैशेषिक सूत्रांत कणादांनी सहा पदार्थ, म्हणजे असलेल्या गोष्टींचे सहा प्रकार, मोजले. पुढच्या आचार्यांनी त्यांत सातवा घातला: अभाव. प्रत्येक अभाव कशाचा तरी असतो, म्हणून पंख्याचा अभाव आणि घटाचा अभाव वेगळे. त्याहून धाडसाचं पाऊल नैयायिकांनी टाकलं ते कारणांच्या यादीत. एक विशिष्ट मणी जवळ असला की अग्नी जाळत नाही, असं एक कल्पित उदाहरण शास्त्रात चर्चेला घेतात. नैयायिक म्हणतो, तर मग जाळण्याच्या कारणांत त्या मण्याचा अभावही धरा. मीमांसकाला हे पटत नाही. त्याच्या मते अग्नीत दाहशक्ती असते आणि मणी ती नष्ट करतो. नैयायिक विचारतो, मणी दूर केल्यावर ती शक्ती परत कुठून उगवली? फिल्मच्या बाबतीत तरी नैयायिकाची बाजू वरचढ वाटते. ती सोलली की तेच तांबं, तोच प्रोसेसर, आणि तापमान थेट तीस-चाळीस अंशांनी खाली. तांब्यात नवं काही आलेलं नसतं.

पण अभावालाच सगळा दोष देऊन भागत नाही. सप्टेंबर २००१ मध्ये टॉम्स हार्डवेअर या संकेतस्थळाने एक चित्रफीत दाखवली. चालू पीसीवर क्वेक थ्री हा गेम सुरू असताना त्यांनी प्रोसेसरवरचा हीटसिंक उचलून बाजूला ठेवला. एएमडीचा अॅथलॉन काही क्षणांतच धूर सोडून मेला. इंटेलचा पेंटियम थ्री गोठला, पण वाचला. पेंटियम फोरवर खेळ अडखळत का होईना, चालूच राहिला, कारण तापल्यावर स्वतःचा वेग आवरायची सोय त्याच्या आतच होती. अभाव तोच, परिणाम तीन. नवव्या शतकात काश्मीरच्या जयंत भट्टांनी न्यायमंजरीत ज्ञानाच्या साधनाचा विचार करताना कुठल्या एकाच घटकाला मान न देता सगळ्या सामग्रीला एकत्र दिला होता. चित्रफितीवरून एएमडीला झोडपणाऱ्यांना हे सांगायला हवं होतं, पण असल्या भांडणात जयंत भट्टांना कोण विचारतो.

आता अभाव दिसतो कसा, हा त्याहून अवघड भाग. मीमांसक कुमारिल भट्ट म्हणतात, जमिनीवर घट दिसत नाही यावरूनच तो नाही हे कळतं, आणि हे ज्ञानाचं स्वतंत्र साधन आहे. त्याला अट अशी, की वस्तू असती तर ती दिसायलाच हवी होती. पिशाच दिसत नाही म्हणून ते नाही असं ठरत नाही, हे या चर्चेतलं नेहमीचं उदाहरण. कॅबिनेट उघडल्यावर पंखा फिरताना दिसला नाही, तर तो बंद आहे. तिथे अट पुरी होते. कूलरच्या तांब्याच्या नळ्यांचं तसं नाही. त्यांच्या आत थोडंसं पाणी कमी दाबाखाली कोंडलेलं असतं, आणि सूक्ष्म भेगेतून हवा शिरली तरी नळी बाहेरून जशीच्या तशी चकचकीत. तिथे नुसती नजर कामाची नाही. तळ चटका देतोय आणि वरच्या पात्या गारच, यावरून अनुमान करावं लागतं.

शिवाय काहीतरी नाही असं म्हणायला ते असायला हवं होतं, हे आधी ठरलेलं लागतं. १९७८ च्या इंटेल ८०८६ वर ना पंखा होता ना हीटसिंक, आणि त्याला कुणी बिघाड म्हटलं नाही. उलटा घोळ २०२२ मध्ये झाला. एएमडीचे रायझन ७००० प्रोसेसर जड कामात ९५ अंशांवर जाऊन थांबू लागले आणि लोकांनी कूलर बदलायला घेतले. कंपनीचं म्हणणं, ते मुद्दामच तसे बनवले आहेत. तिथवर जायची त्यांना मुभा आहे. मोठा कूलर लावला तरी अशा कामात आकडा बऱ्याचदा ९५च राहतो. मोकळी झालेली जागा प्रोसेसर आणखी वेगाने धावण्यात वापरून टाकतो.