हाड कुणाचं?

अर्ध्या ग्रॅमची काचेची कुपी असते. आत पांढरे, किंचित पिवळसर दाणे, जाड्या रव्यासारखे. कुपी हलवली की खुळखुळतात. पेशंटच्या रक्ताच्या दोन-चार थेंबांत भिजवले की एकमेकांना धरतात आणि चिमट्यानं उचलून जबड्यातल्या खड्ड्यात बसवता येतात. खोक्याच्या आत घडी घातलेला कागद असतो. त्यावर बारीक अक्षरांत, इंग्रजीत, हे दाणे गाईच्या हाडाचे आहेत असं छापलेलं असतं. मी मिरजेत दातांची डॉक्टर आहे. ती बारीक अक्षरं पेशंटला वाचून दाखवायची की नाही, हा प्रश्न मी धर्माचा मानते. तो नुसत्या दवाखान्याच्या शिस्तीचा नाही.

हे दाणे लागतात कशाला, ते आधी सांगते. दात काढला की त्याला धरून ठेवणारं हाड बिनकामाचं होतं आणि झिजायला लागतं. वर्षभरात त्याची रुंदी साधारण निम्म्यावर येते, आणि त्यातली बरीचशी झीज पहिल्या तीन महिन्यांतच होऊन जाते. आमच्याकडचे लोक दात काढून घेतात आणि काही वर्षांनी उगवतात. इतके दिवस काय केलंत विचारलं, तर दुसऱ्या बाजूनं चावत होतो म्हणतात. तोवर इम्प्लांटला, म्हणजे हाडात बसवायच्या साधारण चार मिलिमीटर जाडीच्या टायटॅनियमच्या स्क्रूला, जागाच उरलेली नसते. मग हाड भरावं लागतं. पेशंटचंच हाड जबड्याच्या दुसऱ्या भागातून खरवडून घेता येतं. दान केलेल्या मृतदेहाचं, प्रक्रिया केलेलं हाड मिळतं. प्रयोगशाळेत बनवलेलं कॅल्शियम फॉस्फेट मिळतं. आणि जनावराचं मिळतं, ते बहुतेक वेळा गाईचं. गाईचं हाड शरीरात लवकर विरत नाही, भरलेली जागा वर्षानुवर्षं धरून ठेवतं. त्याचा जगभरचा अनुभवही मोठा आहे. म्हणून ते आमच्या कपाटात असतं.

माझे अनेक सहकारी 'थोडी पावडर भरू' एवढंच सांगतात. त्यांचा हेतू वाईट नसतो. पेशंट घाबरेल, उपचार सोडून जाईल, खड्डा तसाच राहील, ही त्यांची काळजी खरी आहे. आणि त्यांच्यापाशी एक युक्तिवादही असतो. तो मी सगळ्यात नेमका ऐकला, तो एका पेशंटच्या मुलाकडून.

पेशंट म्हणजे मिरज तालुक्यातले एक द्राक्षबागायतदार. सगळे त्यांना अण्णा म्हणतात, मीही म्हणते. गळ्यात तुळशीची माळ, पंढरीची वारी कधी चुकवलेली नाही. खालची डावी दाढ किडून, पू होऊन, कधीच काढलेली. स्कॅनमध्ये हाडाची कड सुरीच्या धारेएवढी उरलेली दिसत होती. मी कुपी दाखवली आणि हे हाड गाईचं असतं असं सांगितलं. मुलगा फार्मसी शिकलेला. तो लगेच म्हणाला, "अण्णा, त्यात गाय काही राहिलेली नसते. शेकडो अंशांवर तापवून त्यातलं मांस, चरबी, प्रथिनं सगळं काढून टाकतात. उरतं ते नुसतं खनिज."

अण्णा खुर्चीत आडवे होते. तसेच पडून म्हणाले, "तुझी आई गेली तवा तिसऱ्या दिवशी आपण सावडाय गेलतो. काय गोळा केलं आपण?"

मुलगा गप्प.

"त्ये बी खनिजच की. मग चंद्रभागेपातूर कशापायी नेलंस?"

या प्रश्नाला रसायनशास्त्राकडे उत्तर नाही. मी शोधून पाहिलं आहे. चितेत हाडातलं जे जळण्यासारखं ते जळून जातं आणि कॅल्शियम फॉस्फेटची ठिसूळ, पांढरी चौकट उरते. कुपीतही मूलतः तेच असतं. मिरजेच्या स्मशानातला पदार्थ आणि परदेशी कारखान्यातला पदार्थ यंत्राखाली ठेवले, तर स्फटिकांचा आकार, अशुद्धींचं प्रमाण असे फरक निघतील. पण हे कुणाचं होतं, ते यंत्र सांगणार नाही. तरी आपण एक पदार्थ मडक्यात भरून, फडकं बांधून, मांडीवर घेऊन रेल्वेनं पंढरपूरला नेतो, आणि वाटेत ते मडकं जमिनीवर टेकवत नाही. आगीतून गेलं म्हणून नातं संपत नाही, हे आपल्या घराघरांत पाळलं जातं. मग गाईच्या बाबतीतच आगीनं सगळं पुसून टाकलं, असं मी माळकऱ्याला कुठल्या तोंडानं सांगू? ज्याला आईच्या अस्थी आई वाटतात, त्याला कुपीत गाय दिसली तर तो अडाणी नाही. तो एकच नियम दोन्हीकडे लावतो आहे. सोयीपुरता नियम बदलत होतो ते आम्ही शिकलेले.

दातांचं या बाबतीत आणखी एक आहे. सुश्रुतानं हाडांचे पाच प्रकार केले, त्यात दातांना 'रुचक' म्हणून हाडांतच धरलं. आजचं शरीरशास्त्र दाताला हाड म्हणत नाही, पण चितेला हा भेद कळत नाही. सावडताना ओळखू येतात त्यांत दात असतात. माणसाच्या देहातला हा सगळ्यात टिकाऊ भाग, आणि वारकऱ्याच्या लेखी नाम घ्यायची जागाही तीच. जन्मभर ज्या तोंडात मांसाचा तुकडा गेला नाही, त्या तोंडाच्या हाडात आपण कायमचं काही ठेवतो आहोत, आणि ज्याचं तोंड आहे त्यालाच ते माहीत नाही. मला हे सहन होत नाही.

मुसलमान फकिहांनी, म्हणजे धर्मशास्त्राच्या पंडितांनी, हाच प्रश्न शतकानुशतकं चर्चिला आहे, आणि आमच्यापेक्षा कितीतरी बारकाईनं. हे मला एका पेशंटबाईंनी शिकवलं. त्यांचं माहेर रत्नागिरीकडचं, दिल्या घरी मिरजेला. भरलेल्या हाडावर एक पातळ पडदा घालावा लागतो, म्हणजे हिरडीचं मांस वेगानं वाढून हाडाची जागा बळकावत नाही. हा पडदा कोलॅजनचा असतो, आणि तो पुष्कळदा डुकराच्या कातडीपासून काढलेला असतो. मी ते सांगितल्यावर बाई क्षणभरही अडखळल्या नाहीत, "आमच्यात दोन मतं आहेत" म्हणाल्या. 'इस्तिहाला' नावाचं एक तत्त्व आहे: एखाद्या अपवित्र वस्तूचं मूळ रूपच पालटून गेलं, तर ती अपवित्र राहत नाही. हनफी पंडित हे तत्त्व लांबपर्यंत नेतात. मिठाच्या खाणीत पडून जनावराचं मीठ झालं तर ते मीठच, असं त्यांचं जुनं उदाहरण आहे. शाफई पंडित एवढी मोकळीक देत नाहीत. दारूचा आपोआप सिरका झाला तर ठीक, अशा मोजक्याच जागा ते मान्य करतात. कोकणातले मुसलमान शाफई, घाटावरचे बहुतेक हनफी. म्हणजे या बाईंच्या घरातच, नवरा-बायकोत, कुपीबद्दलचं मत वेगळं पडू शकतं, आणि दोघंही आपापल्या जागी धर्माला धरून असतील. सोन्याच्या दाताचा दाखलाही त्यांनीच दिला. अरफजा नावाच्या माणसाचं नाक लढाईत गेलं. त्यानं चांदीचं बसवलं तर त्याला दुर्गंधी सुटली, तेव्हा पैगंबरांनी त्याला सोन्याचं बसवून घ्यायला सांगितलं. पुरुषाला एरवी सोनं मना, पण या एका प्रसंगावरून पुढच्यांनी दात सोन्यानं बांधायला मुभा काढली.

पडद्याबाबत मात्र 'नुसतं खनिज'वाला युक्तिवाद सुरूच होत नाही. कोलॅजन हे प्रथिन आहे. ते स्वच्छ केलेलं असतं, पालटलेलं नसतं. बाईंचं आम्ही त्यांच्याच रक्तावर भागवलं. रक्त काढून यंत्रात फिरवलं की लाल पेशी तळाशी बसतात आणि मधे पिवळसर, लिबलिबीत गोळा जमतो. तो दोन पत्र्यांमध्ये हलका दाबला की पडदा तयार होतो. ही पद्धत २००१ मध्ये फ्रान्समध्ये मांडली गेली. विकतच्या पडद्याइतका तो टिकत नाही, हेही मी सांगितलं. त्यांच्या लहानशा खड्ड्याला पुरला.

आता कुणी म्हणेल, एवढं काटेकोर व्हायचं तर थांबायचं कुठे? औषधाच्या कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं, म्हणजे जनावराच्या हाडा-कातड्याचं. आतून विरघळणारा जुना टाका आतड्याचा. अण्णांनीही कॅप्सूल गिळल्याच असणार. आक्षेप खरा आहे. पण नकळत गिळलेल्या कॅप्सुलांमुळे न सांगता हाड भरायचा परवाना डॉक्टरला मिळत नाही. जीव जात असताना डुकराच्या हृदयाची झडप बसवणं ही वेगळी गोष्ट, तिथे बहुतेक धर्म वाट देतात. दाढेनं जीव जात नाही. तिथे वेळ आहे, पर्याय आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही २००८ मध्ये, समीरा कोहली खटल्यात, पेशंटला पर्याय सांगितल्याशिवाय खरी संमती होत नाही असं म्हटलेलं आहे.

आमच्या या कृष्णाकाठच्या पट्ट्यात दिगंबर जैन शेतकरी पुष्कळ. त्यांच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकांनी मला तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय वाचायला लावला. तिथे हिंसेची व्याख्या प्रमादाशी, म्हणजे बेसावधपणाशी, बांधलेली आहे. जीव गेला एवढ्यावर ती थांबत नाही. तो कुणाच्या बेफिकिरीतून गेला, हे विचारते. ते वाचल्यापासून मी स्वतःच्या कामाकडे त्या कसोटीनं पाहते. गाय माझ्या हातून मरत नाही, कुपी विकत घेऊन वापरणं कायद्यात बसतं. पण समोरच्याच्या आयुष्यभराच्या व्रताचा मला विचारच आला नाही, कारण विचार केला असता तर खुर्ची अर्धा तास जास्त अडकली असती. हा प्रमाद माझा. त्या शिक्षिकांनी शेवटी काहीच भरून घेतलं नाही. वरच्या दाढेची जागा मोकळी ठेवली. दात जायचे वयात जातात, म्हणाल्या. डॉक्टर म्हणून मला हळहळ वाटली, समोरची खालची दाढ वर सरकेल हे मी त्यांना बजावलं. पण त्यांचा निर्णय पुरा होता, त्यात समज अपुरी नव्हती.

शरीर स्वतः हे काही विचारत नाही, हे मात्र मला रोज थक्क करतं. रूट कॅनॉल केलेल्या दाताची नस काढलेली असते, आत मलायातल्या एका झाडाच्या चिकापासून केलेला गट्टा-पर्चा भरलेला असतो. दात आतून मेलेला, तरी हाड त्याला आपला म्हणून धरून ठेवतं. मिलिंदपञ्हो या बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला विचारतो, केस म्हणजे नागसेन का, नखं का, दात का? प्रत्येकाला उत्तर नाही असंच येतं. मी खुर्चीशेजारी उभी राहून त्या संवादाशी अर्धीच सहमत होते. दात म्हणजे अण्णा नाहीत, कबूल. पण आपल्या दातांत काय असावं हे ठरवणारं कुणीतरी त्या खुर्चीत असतं, आणि माझा धर्म त्याच्याशी आहे.

अण्णांनी स्वतःचं हाड घ्यायला सांगितलं. अक्कलदाढेच्या मागून, खरवडणीनं, ओल्या पांढऱ्या साली निघाल्या, त्यात प्रयोगशाळेतलं फॉस्फेट मिसळलं. दोन जखमा झाल्या, गाल सुजला, आठवडाभर पातळ भाकरी-आमटी कुस्करून खावी लागली. त्याची तक्रार त्यांनी केली नाही. हाड भरून आल्यावर स्क्रू बसवला, तो हाडात मुरू दिला, आणि मग कॅप.

कॅप बसवल्यावर त्यांनी विचारलं, "माऊली, ह्यो खिळा जळंल का?"

टायटॅनियम १,६६८ अंश सेल्सियसला वितळतं. लाकडाच्या चितेत तेवढी आच नसते. नाही जळणार, राखेत सापडेल, असं मी सांगितलं.

"मग पोराला सांगून ठिवतो. हाडं तेवढी चंद्रभागेला न्यायची. खिळा बाजूला काढायचा."

मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. १९५२ मध्ये स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क नावाच्या संशोधकानं सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचं उपकरण बसवलं होतं, प्रयोग संपल्यावर ते निघेचना; हाडानं त्याला धरलं होतं. १९६५ मध्ये त्यानं पहिल्यांदा माणसाच्या जबड्यात स्क्रू बसवले, आणि तो माणूस २००६ मध्ये वारला तोवर त्यांच्यावरच जेवत होता. इतकं एकजीव झालेलं उपरं कसं म्हणायचं? अडीच हजार वर्षांपूर्वीच्या रोमच्या बारा पाट्यांवरच्या कायद्यात मेलेल्याबरोबर सोनं ठेवायला बंदी होती, पण दात सोन्यानं बांधलेले असतील तर ते तसेच त्याच्याबरोबर जाऊ द्यायला हरकत नव्हती. रोमच्या कायद्यानंही ते सोनं त्या माणसाचंच मानलं.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. चूळ भरली, टॉवेलानं तोंड पुसलं.

"असंल माझा. न्हाई म्हणत न्हाई मी. पर वाळवंटात माणसं अनवाणी असत्यात माऊली, कुणाच्या तरी पायात घुसंल."