खांबांवरची माणसे

एकवीरेच्या पायऱ्या चढताना सोबत नारळ-ओटीची ताटे, कोळीगीते आणि दमून बसलेली मुले असतात. वर पोचले की रांग देवीकडे वळते. देवळाला खेटून असलेल्या कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या वाट्याला दर्शनानंतरची पंधरा मिनिटे येतात, त्यातली पाच फोटोत जातात. उरलेल्या दहात कोणी तरी माहिती पुरवतो: देशातले सर्वांत मोठे चैत्यगृह, लांबी सुमारे 124 फूट, वय दोन हजार वर्षे, छताच्या लाकडी कमानी मूळच्या. सगळे खरे आहे. पण एवढेच ऐकून उतरणाऱ्याने दगड पाहिला, ज्यांनी तो घडवून घेतला ती माणसे पाहिली नाहीत.

ती माणसे भिंतींवर आणि खांबांवर आहेत. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने दरवाजाचे काम केले, त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या अत्तरवाल्याने दरवाजा दान दिला, तिथल्या यवनांनी खांब दिले. वैजयंतीच्या भूतपाल श्रेष्ठीने तर हे जंबुद्वीपातले सर्वोत्तम शैलगृह आहे असे ऐटीत कोरून ठेवले. क्षत्रप राजा नहपानाचा जावई उषवदात याने वलूरकाच्या, म्हणजे इथल्याच, भिक्खूंसाठी एक गाव दिले, त्याचीही नोंद आहे. राजघराण्याचा जावई आणि सुतार एकाच लेण्यात नाव टिकवून आहेत. असे आपल्या इतिहासात फार ठिकाणी घडलेले नाही.

हे लेख ज्या ब्राह्मी लिपीत आहेत, ती मध्ये कित्येक शतके कोणालाच वाचता येत नव्हती. 1837 च्या सुमारास जेम्स प्रिन्सेपने तिचा उलगडा केला, तो सांचीच्या कठड्यांवरच्या छोट्या लेखांच्या आधारे. बहुतेक लेखांच्या शेवटी तीच दोन अक्षरे येतात, हे त्याच्या लक्षात आले. देवस्थानात दुसरे काय लिहिणार, दानच, असा त्याने तर्क केला आणि तो बरोबर निघाला. अशोकाची लिपी उघडली ती सम्राटाच्या आज्ञेने नव्हे, सामान्यांच्या वर्गणीने.

म्हणूनच लेण्यांत जमून ही लिपी शिकणारे तरुण-तरुणी मला खरे यात्रेकरू वाटतात. त्यातले बहुतेक 1956 च्या धम्मदीक्षेचा वारसा सांगणाऱ्या घरांतले. ते तिला ब्राह्मी म्हणत नाहीत, धम्मलिपी म्हणतात. अशोकाने हा शब्द आपल्या लेखांसाठी वापरला, अक्षरांच्या वळणासाठी नव्हे, असे एखादा पंडित सांगेल. सांगू दे. नाशिकच्या ज्या डोंगराला तिथले शिलालेख तिरण्हु म्हणतात, त्याला पिढ्यान्‌पिढ्या पांडवलेणी म्हणताना आपल्याला कुठे पुरावा लागला होता? ज्यांच्या वारशावर दुसऱ्याचे नाव चिकटवले गेले, त्यांनी नावाबाबत हट्टी असणे मला समजते.

एक गोष्ट मात्र मला पटत नाही. लेणे म्हणजे नुसती वंदनेची जागा, असा आग्रह आता काही ठिकाणी ऐकू येतो. उलट बाजूने, ते फक्त पुरातत्त्वाचे, तिथे त्रिशरणही म्हणू नका, असाही. कार्ल्याच्या गाभ्यात मूर्ती नाही, स्तूप आहे. दर्शनी भिंतीवरच्या बुद्धमूर्ती काही शतकांनी कोरल्या गेल्या. म्हणजे इथे येणाऱ्यांची श्रद्धासुद्धा एका जागी थांबली नव्हती. आणि ज्या यवनाने खांब दिला, तो कोणत्या भाषेत विचार करत असेल? या जागेवर एकट्याचा हक्क सांगायचा तर आधी दात्यांची ही यादी पुसावी लागेल.

मागच्या खेपेला अशाच एका वर्गाच्या मागे उभा होतो. दहा-बारा वर्षांची एक मुलगी हातातल्या तक्त्यावरून खांबावरचे अक्षर जुळवत होती. धे जमले, नु जमले, पुढे अडली. शिकवणारा म्हणाला, "मधलं राहू दे, शेवटाकडे ये." तिने टॉर्चचा झोत उजवीकडे सरकवला. उलटा टी, शेजारी ठिपका. "नं," ती म्हणाली, आणि लगेच आधीचे अक्षर न बघताच ओरडली, "दानं!" बाहेर देवीच्या रांगेत ढोल वाजत होता. शिकवणाऱ्याने तिला पुन्हा पहिल्या अक्षराकडे नेले. नाव अजून वाचायचे होते.