अर्धा चमचा मीठ

तुळजापूर तालुक्यातल्या एका लहान गावात एक सुईण होती. तिच्या हाताला गुण आहे असं सगळे म्हणत. ती बाळंतपणं करायची, आणि लेकरांची पोटं बिघडली की कसलासा पाला कुटून द्यायची. पाला कसला, हे तिनं कुणालाच सांगितलं नाही. सून विचारायची, "आत्याबाई, मला तरी सांगा की." सासू म्हणायची, "सांगितलं की गुण जातो, माय."

एका उन्हाळ्यात सासू गेली. तिच्याबरोबर पालाही गेला. पुढं सुनेचा नवराही वारला. पदरात एक पोर घेऊन ती त्याच घरात राहिली आणि लोकांच्या रानात खुरपायला जाऊ लागली.

मग भूकंप झाला. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट होती. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. किल्लारी, सास्तूरकडची गावं दगडामातीखाली गेली. या गावात माणूस दगावलं नाही, पण माळवदांना तडे गेले आणि माणसं कितीतरी दिवस उघड्यावर झोपली.

त्यानंतरच्या वर्षांत अणदूरच्या दवाखान्यातली माणसं गावात आली. डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांनी अणदूरला हॅलो मेडिकल फाउंडेशनचं काम उभं केलं होतं. गावोगावच्या बायकांना आरोग्याचं शिक्षण द्यायचं आणि आपल्या गावाचं दुखणंखुपणं त्यांनीच बघायचं, असं ते काम. या बायकांना भारतवैद्य म्हणत. गावानं एक बाई निवडून द्यायची होती. चावडीपुढं बैठक बसली. शिकलेल्या सुना होत्या, पण त्यांना घरचे सोडेनात. शेवटी कुणीतरी म्हणालं, "सुईणीची सून हाय की. चौथी शिकलीय. तिला कोण अडवणार?"

ती एसटीनं अणदूरला गेली. तिथं तिच्यासारख्याच बायका होत्या, कुणी विधवा, कुणी नवऱ्यानं टाकलेली, कुणी सही करायलाही बिचकणारी. ताप कसा बघायचा, जखम कशी धुवायची, गरोदर बाईच्या पायावरची सूज का बघायची, सगळं त्यांना शिकवलं गेलं. लेकराचा श्वास मोजायला शिकवलं. दोन महिन्यांच्या आतलं लेकरू शांत असताना मिनिटात साठ किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा.

आणि हगवण. हगवणीत लेकरू मरतं ते अंगातलं पाणी आणि क्षार निघून गेल्यानं, हे तिला तिथं कळलं. एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. साखर असली की आतडं मीठ आणि पाणी आत ओढून घेतं. डोळ्यातल्या पाण्याहून खारट लागलं तर ते ओतून द्यायचं आणि नवं करायचं. चमच्या-चमच्यानं पाजायचं. ओकलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि पुन्हा सुरू करायचं.

तिला नवल वाटलं ते यातलं काहीच कुणी लपवत नव्हतं याचं. विचारलं की सांगत होते, नाही कळलं की पुन्हा सांगत होते. एकदा तिनं धीर करून शिकवणाऱ्या बाईंना विचारलं, "बाई, समदं आम्हालाच सांगून टाकलं तर तुमच्याकडं कोण यायचं?"

बाई म्हणाल्या, "ज्यांनी यायलाच पाहिजे ते येतील. चला, पुन्हा मोजा."

गावात परतल्यावर पहिले काही महिने अवघड गेले. लोकांना सुई हवी असायची. सलाईन लावलं, अंगात गार गेलं, की पैसे फिटले असं वाटायचं. "साखरमिठाच्या पाण्यानं काय होतंय?" असं तोंडावर बोलत. पण पावसाळ्यात विहिरीचं पाणी गढूळलं, लेकरांना हगवण लागली, आणि तिच्या पाण्यानं ती उठून बसली. मग बायका बोलू लागल्या, "सासूचा गुण सुनेच्या हातात उतरला." कुणी दोन रुपये ठेवी, कुणी पायलीभर जोंधळे आणून देई. रानात वाकून राबणाऱ्या बाईला लोक घरी बोलवायला येऊ लागले. तिला ते आवडलं. का आवडू नये?

दसरा जवळ आला. मुकादमानं उचल वाटून ठेवली होती. निम्मं गाव ऊसतोडीला निघणार होतं, नवरा-बायकोचा कोयता आणि कडेवर लेकरू. तिथं कोपीत राहायचं, कालव्याचं पाणी प्यायचं, पहाटेच्या अंधारात फडात उतरायचं. तिची चुलतजाऊ अकरा महिन्यांचं पोरगं घेऊन निघाली होती. ती म्हणाली, "आक्का, तिकडं याला हगवण लागली तर? तुझा हात काय माझ्यासंगं येतोय?"

त्या रात्री तिला झोप लागली नाही. शेजारच्या म्हातारीनं तर आधीच बजावलं होतं, "सांगत बसू नको. सासूनं सांगितलं नव्हतं. गुण जाईल."

सकाळी तिनं लिटरचं माप घेतलं, एक खिळा घेतला आणि जाणाऱ्या बायकांची घरं धरली. प्रत्येक घरातला तांब्या वेगळा होता. कुणाचा पितळी, कुणाचा जर्मनचा, कुणाकडं नुसता पोचे पडलेला गडवा. ती मापानं लिटरभर पाणी त्यात ओतायची आणि पाणी आलं तिथं आतल्या बाजूनं खिळ्यानं रेघ ओढायची. तांब्या लहान पडला तर पातेलं काढायला लावायची. मग त्या बाईच्याच हातानं साखर घालायची, मीठ घालायचं, आणि चव घ्यायला लावायची. चुकली की ओतून पुन्हा. साखर महाग, म्हणून काहीजणी कुरकुरल्या. पण तिनं सोडलं नाही. अणदूरला तिला सोडलं नव्हतं.

"डोळे खोल गेले, लेकरू मलूल झालं, मुतेना, हगण्यात रगत दिसलं, तर माझं पाणी पाजत दवाखान्यात पळायचं," हेही तिनं प्रत्येकीकडून पाठ म्हणवून घेतलं.

ट्रक गेले. गाव रिकामं झालं.

फडावर पौषाच्या थंडीत जावेच्या पोराला हगवण लागली. शेजारच्या कोपीतली म्हातारी म्हणाली, "पाणी पाजू नगस, जास्त हगंल." जावेनं ऐकलं नाही. तिनं रेघेचा तांब्या काढला, चुलीवर पाणी उकळलं, निववलं आणि रात्रभर चमच्यानं पाजत राहिली. पोरगं दोनदा ओकलं. ती थांबली, पुन्हा लागली. मधूनमधून अंगावरही पाजत राहिली. उजाडता उजाडता पोरानं तिच्या मांडीवर भरपूर लघवी केली. लुगडं भिजलं तशी ती मोठ्यानं हसली आणि कोप्यांतल्या बायका काय झालं म्हणून बघायला आल्या. त्यांत बीडकडच्या टोळीतल्याही होत्या.

उन्हाळ्यात माणसं परतली. जावेनं सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की बीडच्या बायकांनी तिच्या तांब्यानं पाणी मापून आपापल्या भांड्यांवर रेघा ओढून घेतल्या. त्यांच्या गावांची नावं जावेला आठवत नव्हती.

इथं गोष्ट क्षणभर थांबवून सांगावंसं वाटतं. भूमच्या पलीकडं जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच केलं. ज्या बायकांना गावानं कधी मोजलं नव्हतं, त्यांच्या हाती आरोग्य दिलं, आणि ते शिकायला पुढं आफ्रिकेतल्या देशांतूनही माणसं जामखेडला आली. डॉक्टर जिथं पोचत नाही अशा खेड्याचं दुखणं इथलं काय आणि तिथलं काय, सारखंच. दानात औषध दिलं तर ते संपतं. या माणसांनी आपली विद्याच देऊन टाकली, तीही हातचं न राखता, म्हणून ती अणदूरहून निघून, नाव माहीत नसलेल्या गावांच्या तांब्यांवर जाऊन बसली. २००५ नंतर गावोगावी आशाताई आल्या, त्या याच वाटेनं.

पुढच्या पावसाळ्यात हगवणीसाठी तिच्या दारात फारसं कुणी आलं नाही. जोंधळेही कमी आले. शेजारची म्हातारी म्हणाली, "बघ, गेला ना गुण?"

ती काही बोलली नाही, कारण तिला वेळ नव्हता. वाडीवरच्या एका बाळंतिणीचं वीस दिवसांचं लेकरू धापा टाकत होतं. तिनं घड्याळ समोर धरून श्वास मोजले, खात्रीसाठी पुन्हा मोजले. सत्तरच्या वर होते. बाळंतिणीला आणि लेकराला घेऊन ती मिळेल त्या जीपनं अणदूरला गेली. लेकरू वाचलं.

परत आल्यावर तिनं बाळंतिणीला घड्याळातला सेकंदाचा काटा दाखवला आणि श्वास मोजायला शिकवायला बसली. दसऱ्याला अजून दीड महिना होता, आणि यंदा ट्रकात तान्ही लेकरं चार होती.