हवापाण्याच्या गप्पा

अनोळखी माणसाशी बोलायला सुरुवात कशी करायची, हे शहापूर-मुरबाडकडच्या पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. इंग्रजीत मात्र शिकावं लागतं. स्पोकन इंग्लिशच्या पुस्तकांत त्यासाठी 'स्मॉल टॉक'चा वेगळा धडा असतो. मुलाखतीला गेलात आणि बाहेर बाकड्यावर शेजारी कुणी बसलं असेल, तर काय बोलायचं नि काय नाही, याचे त्यात नियम दिलेले. हवेबद्दल बोला, प्रवासाबद्दल बोला, क्रिकेट चालेल. पगार विचारू नका, वय विचारू नका, लग्न झालं का हे तर मुळीच नको. सगळ्यांत बिनधोक विषय हवा. तिच्यावरून भांडण होत नाही आणि कुणाचं काही उघडंही पडत नाही.

इंग्रजांचं हे हवेचं वेड जुनंच आहे. डॉ. सॅम्युअल जॉन्सननं १७५८ मध्ये एका निबंधात त्याची थट्टा केली होती. दोन इंग्रज भेटले की दोघांनाही दिसत असलेल्या आभाळाची खबर एकमेकांना देत बसतात, असा त्याचा रोख. पुस्तकं लिहिणाऱ्यांनी तोच धडा जसाच्या तसा आपल्या हातात दिला. त्या धड्यातला बिनधोक विषय मुरबाडच्या एसटीत चढला की काय होतं, ते बघण्यासारखं असतं.

जुलैचा पहिला आठवडा. कल्याणहून सुटलेली गाडी, खिडक्यांच्या काचा अर्ध्यावर अडकलेल्या, सीटखाली युरियाच्या रिकाम्या गोणीत बांधलेलं सामान.

"तुमच्याकडं काय म्हणतो पाऊस?"

"रात्री झाला थोडा. पण नुसता भुरभुर. चिखल व्हायला नको?"

"आवणी थांबली मग?"

"थांबली म्हणजे काय, रोप पिवळं पडाय लागलंय. आणखी आठ दिवस गेले तर त्याच्यात काही राम नाही. तुमच्या सरळगावला?"

"आमच्याकडं दोन दिवस बरा पडला. माणसं मिळत नाहीत आता."

या बोलण्यात हवेबद्दलच्या वाक्यांशिवाय काही नाही. पण धड्यात ज्या गोष्टी विचारू नका म्हणून बजावलंय, त्या सगळ्या यात आल्या. वर्षाचं धान्य किती होणार, मजुरीला हातात किती पैसे आहेत, घरात काम करणारी माणसं किती उरलीत आणि किती जण कंपनीत किंवा भिवंडीच्या गोडाऊनला जायला लागलेत. ऑक्टोबरात हाच प्रश्न आणखी जड होतो. कापलेलं भात खाचरात पसरलेलं असतं आणि परतीचा पाऊस गाठतो. दोन दिवस भिजलं की लोंबीतल्या दाण्याला कोंब फुटतात. तेव्हा "पाऊस झाला का हो?" असं विचारणारा माणूस खरं म्हणजे घरातल्या आजाऱ्याची विचारपूस करावी तशी विचारपूस करत असतो.

मराठीतही 'हवापाण्याच्या गप्पा' म्हणतातच, म्हणजे ज्यात काही दम नाही अशा गप्पा. हा शब्दप्रयोग शहरात घडला असावा असा मला दाट संशय आहे. शहापूर तालुक्यात पाणी हा रिकामपणाचा विषय कसा होईल? तानसा तलाव याच तालुक्यातला, १८९२ पासून मुंबईला पाणी देतो आहे. भातसाही इथलंच. मुंबईला पाणी पुरवणाऱ्या सात तलावांत मिळून जेवढं पाणी मावतं, त्यातलं निम्म्याच्या आसपास एकट्या भातसात. पावसाळ्यात मुंबईच्या वर्तमानपत्रांत या तलावांचा साठा रोज टक्क्यांत छापून येतो आणि लोकलमध्ये दोन स्टेशनांच्या मध्ये त्यावर बोलून होतं. "तानसा भरलं म्हणे." "चला, पाणीकपात टळली." स्मॉल टॉकचा उत्तम नमुना. त्याच तालुक्यातल्या कितीतरी पाड्यांवर एप्रिल-मेमध्ये बायका हंडे रांगेला लावून टँकरची वाट बघत बसतात. पाण्याबद्दल त्याही बोलतात, वेळ घालवायलाच बोलतात. पण त्या बोलण्यातून टँकर काल कुणाच्या विहिरीत रिकामा झाला, कुणाचा हंडा कसा पुढं सरकला, ग्रामपंचायतीत कोण ऐकतं नि कोण ऐकत नाही, हे सगळं निघतं. इंग्रजीत याला गॉसिप म्हणतील. म्हणू देत. गॉसिप या शब्दाचा जुना अर्थही काही वाईट नव्हता. मुलाचे धर्ममातापिता, आणि पुढं बाळंतपणाला जमणाऱ्या सख्या, असा तो होता. चारचौघींच्या बोलण्याला नाव ठेवण्याची हौस नंतरची.

मग बिनकामाचं, नुसतं बोलायचं म्हणून बोलणं आपल्याकडं नाहीच का? आहे की. फक्त त्याची जागा वेगळी. ब्रॉनिस्लाव मॅलिनॉव्स्की नावाचा मानववंशशास्त्रज्ञ न्यू गिनीजवळच्या ट्रोब्रियांड बेटांवर राहून आला होता. १९२३ मध्ये त्यानं अशा बोलण्याला 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं. शब्दांच्या अर्थापेक्षा माणसं जोडलेली राहणं महत्त्वाचं, असं हे बोलणं. "कुठून आलास?" हे तिकडं नमस्कारासारखं वापरतात, अशी त्याची नोंद आहे. आपलं "काय, कुठं निघालात?" त्याच जातीचं. उत्तर "हे काय, इथंच" एवढं दिलं तरी चालतं. विचारणाऱ्यालाही पत्ता नकोच असतो. (महत्त्वाच्या कामाला निघालेल्याला 'कुठं' म्हणून टोकू नये, असं म्हातारी माणसं बजावतात, हे आहेच.) हाच प्रश्न पोरगा इंग्रजीत साहेबाला विचारतो, "व्हेअर आर यू गोइंग, सर?", आणि साहेबाच्या कपाळावर आठी चढते.

पगार, लग्न, मुलं किती, हेही आमच्याकडं पहिल्या पाच मिनिटांतलं बोलणं. यातल्या आपुलकीचं फार कौतुक करायचं मात्र माझ्या जिवावर येतं. कारण त्या यादीत "आडनाव काय?" हाही प्रश्न असतो, आणि तो हसतमुखानं विचारला तरी साधा नसतो. नाव सांगून झालं, गाव सांगून झालं, तरी "नाही, पूर्ण नाव?" म्हणणाऱ्याला काय हवं असतं, ते ठाकूर-कातकऱ्यांच्या पोरांना चांगलं कळतं. त्या एका बाबतीत इंग्रजी धड्याचा नियम मला आपल्या रिवाजापेक्षा शहाणा वाटतो.

चॅटिंग हा शब्द आता सगळ्यांच्या तोंडी आहे, पण तोंडानं केलेल्या बोलण्याला तो कुणी लावत नाही. इंग्रजीत समोरासमोर बसूनही 'चॅट' होतो. मुरबाडात तो फक्त मोबाइलवर होतो, आणि मुलगी करत असेल तर घरच्यांच्या भुवया वर जातात. हॅलो मात्र पुरता घरचा झाला. २ ऑक्टोबर २०२२ पासून सरकारी कर्मचाऱ्यांनी फोनवर हॅलोऐवजी 'वंदे मातरम्' म्हणावं, असा राज्य सरकारचा आदेश निघाला होता. गावाकडं फोन लावणाऱ्या डोंबिवलीच्या भाच्याला त्याचं काही नाही. तो म्हणतो, "हॅलो मामा, पाऊस हाय का?"

हल्ली मात्र हा प्रश्न दुसऱ्याच माणसांच्या तोंडी ऐकू येतो. समृद्धी महामार्ग शहापूर तालुक्यातून गेला, इगतपुरी ते आमणे हा त्याचा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, आणि सेकंड होमवाल्यांसाठी जागा शोधणारे एजंट चहाच्या टपरीवर दिसू लागले. त्यांनी धडा नीट पाठ केलेला असतो. टपरीवर येतात, चहा सांगतात, "काय काका, यंदा पाऊस कसा काय?" म्हणून सुरुवात करतात. मग सातबारा, गुंठे, रस्त्याला लागून आहे का, भावाभावांत वाटप झालंय का. टपरीवरची म्हातारी माणसं एजंटाला लगेच ओळखतात. पावसाचं विचारतो, आणि काका रोपाचं सांगायला लागले की मोबाइल काढून बघत बसतो.