दुखावते ते कोण?

कोणी आपली उणीव दाखवली की मन लगेच म्हणते, 'माझा अपमान झाला.' पण दुखावते ते कोण? आपण, की आपला अहंकार?

फ्रान्सचा टोनी पार्कर 2001 मध्ये अमेरिकेतील सॅन अँटोनियो स्पर्स या बास्केटबॉल संघाच्या चाचणीला गेला. तिथल्या धसमुसळ्या खेळापुढे तो फिका पडला. प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांच्या मनातून तो उतरलाच होता. दुसऱ्या चाचणीने त्याला तारले. वयाच्या 19 व्या वर्षी तो संघाचा पॉइंट गार्ड, म्हणजे खेळाची सूत्रे सांभाळणारा खेळाडू झाला. पोपोविच त्याला कठोर शब्दांत सुनावत. 2003 मध्ये संघ अजिंक्य ठरला, तरी त्याच उन्हाळ्यात संघाने त्याच्याच स्थानी खेळणाऱ्या नामवंत जेसन किडला आणण्याचा प्रयत्न केला! पार्कर तिथेच राहिला, शिकत राहिला. 2007 च्या अंतिम मालिकेत तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला.

कठोर बोलणारा नेहमी बरोबरच असतो असे नाही. अन्याय निमूट सोसणे म्हणजेही साधना नव्हे. पण शब्दांची धार बाजूला ठेवून त्यातले सत्य तेवढे उचलणे, हा विवेक आहे.

आज कोणी चूक दाखवली, तर उत्तर देण्याआधी क्षणभर थांबूया आणि स्वतःला विचारूया, 'हे खरे आहे का?'